लाइन चारमध्ये मटण शिजलं नाही

साहेब, तुम्ही आम्हाला नकाशात धरलंच नव्हतं. खरबडीच्या औद्योगिक वसाहतीचा तो निळा नकाशा मी स्वतः पाहिलाय, गेटवरच्या चौकीत टांगलेला. त्यात प्लॉट होते, गटारं होती, विजेचे खांब होते, ट्रक वळवायला जागा होती, वृक्षारोपणाचा एक हिरवा ठिपकासुद्धा होता. ट्रक कुठं वळेल हे तुम्हाला ठाऊक, आणि माणूस कुठं झोपेल याला एक रेघ नाही! तुम्ही नक्की कोण, हेही मला आजवर कळलेलं नाही. वीजवाल्यांना विचारलं तर ते वसाहतवाल्यांकडं बोट करतात, वसाहतवाले मालकांकडं, आणि मालक आभाळाकडं. म्हणून नुसतं साहेब म्हणतो. कुणीतरी सही केलीच असणार. ज्यानं केली त्यानं हे वाचावं, आणि मधेच चहाला उठू नये.

“आज लाइन चारमध्ये कुणाच्या बी स्टोव्हवर मटण चढलं,” हौसाबाई ओरडली, “तर पातेलं उचलून गटारात पालथं करीन! मग बोंबलत बसा माझ्या नावानं!”

त्र्याऐंशी सालातला गुरुवार, सकाळची वेळ. लाइन चार म्हणजे नाल्याच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, मधून एक वाट, आणि वाटेच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. त्या नळाजवळ हौसाबाई उलथनं घेऊन उभी होती. ती सोलापूरकडची. आम्हा सड्या कामगारांची खानावळ चालवायची, आणि खानावळीबरोबर लाइनही.

“सगळ्यांनी कशाला, मावशी?” पत्र्याआडून एक रडका आवाज आला. “मी दार लावून शिजवतो की.”

“दार लावून वास अडतोय व्हय? पोराचं लगीन जमतंय. एक दिस साबुदाणा खाल्ला तर हाडं मोडत न्हाईत तुझी.”

ते पोर म्हणजे मी. रंगनाथ कोतमिरे, मूळचा लातूरकडचा, लेथवर टर्नर, खरबडीत येऊन सहा महिने झालेला.

आता गुरुवारचं सांगतो. वीज पुरत नाही म्हणून तुम्ही आठवड्याच्या सुट्ट्या वाटून टाकल्या. एका वसाहतीला सोमवार, दुसरीला बुधवार, आमच्या पदरात गुरुवार. सगळं जग रविवारी लोळायचं तेव्हा आम्ही तेलात हात घालून उभे, आणि जग कामाला लागलं की आम्ही चड्डीवर नळाला. मी आईला गावी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “गुरुवारी कसली रे सुट्टी? कामावरनं काढलं असंल तर खरं सांग.”

सुट्टी म्हटली की कामगाराला मटण लागतं. यात तुमची परवानगी नको आणि कुणाची नको. पण गुरुवार दत्ताचा. अर्धी खरबडी दत्ताला मानणारी. गुरुवारी उपास करणारी माणसं. सुट्टी पाळावी की उपास? सुरुवातीची काही वर्षं म्हणे या प्रश्नावरून घराघरांत पातेली फेकाफेकी झाली. शेवटी गोसावीबुवांनी मार्ग काढला. बुवा जस्ताच्या कारखान्यावर वॉचमन, आणि कारखान्यामागं औदुंबराखाली पादुका आहेत तिथले पुजारीही तेच. त्यांनी सगळ्या लाइनींना गोळा करून महाराजांना कौल लावला. पादुकांच्या दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली आणि म्हणाले, “महाराज, वसाहतीची अडचण तुम्ही बघताच आहात. तुमचा वार रविवारी पाळला तर चालेल का?”

उजवं फूल पडलं.

तेव्हापासून खरबडीत दत्ताचा वार रविवारी. आरती रविवारी, प्रसाद रविवारी, उपास रविवारी. आणि गुरुवारी मटण. मी नवीन आलो तेव्हा मला वाटलं, हा काय येड्यांचा बाजार आहे! पण दुसऱ्याच रविवारी मी उपास धरला. एकट्यानं खायचं तर हौसाबाईचा स्टोव्हच पेटलेला नसायचा.

माझा खोलीतला जोडीदार बबन शिंगाडे. त्यानं मला वसाहत शिकवली. तिथं रस्त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे, आणि आकड्यांच्या पाट्या भंगारवाल्यांनी कधीच नेलेल्या. बबन म्हणाला, “डोळे मिट आणि नाक उघड. बिस्किटाचा वास आला की उतर. रबराचा आला की डावीकडं वळ. अॅसिडनं डोळे चुरचुरले की सरळ चाल. आणि नाला नाकात गेला की समज, घर आलं.” महिनाभरात मी बसमध्ये झोपलेला असलो तरी बिस्किटाला जागा व्हायचो.

बबननंच माझं स्थळ काढलं. शहरातल्या पेठेत त्याची लांबची चुलती राहायची, तिच्या शेजारी अण्णा कारंडे. शहर बसमध्ये कंडक्टर, स्वच्छ माणूस, दत्ताचे कडवे भक्त. त्यांची मुलगी शशिकला प्राथमिक शाळेत मास्तरीण. मी एका रविवारी बिनपगारी रजा टाकून तिला बघायला गेलो. पोह्यांची बशी देताना तिनं विचारलं, “तुम्ही लेथवर नक्की काय करता?” मी सांगायला लागलो. पोहे गार झाले, तरी मी सांगतोच आहे. मला वाटलं आता ही जांभई देणार. तर ती म्हणाली, “आणि जास्त कापलं गेलं तर?”

जास्त कापलं गेलं तर! साहेब, हा प्रश्न मला माझ्या फोरमननंसुद्धा कधी शांतपणे विचारला नव्हता. तिथंच ठरलं. करीन तर हीच, नाहीतर आजन्म हौसाबाईची आमटी.

तिचं मात्र ठरलं नव्हतं. “जागा बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही,” तिनं निरोप धाडला. “आणि मी स्वतः येणार.” म्हणून तो गुरुवार. अण्णांनी रजा टाकली, तिनं शाळेतून रजा घेतली, बरोबर आत्या.

“अण्णांना काय सांगितलंयस माझ्याबद्दल?” मी आदल्या दिवशी बबनला विचारलं.

“सांगितलं, पोरगा दत्ताचा असला भक्त आहे की जीव गेला तरी उपास मोडत नाही.”

“बबन्या! अरे, आपण गुरुवारी नळ्या फोडतो!”

“मग? उपास मोडतोस का कधी?”

“नाही.”

“झालं तर. वार कुठला, ते त्यांनी विचारलंच नाही.”

म्हणून हौसाबाईचं ते उलथनं. आणि खोटं कशाला बोलू, लाइन चारनं माझी लाज राखली. शिव्या घालत राखली, पण राखली. घरोघरी साबुदाणा भिजला. ज्यांच्या घरात वर्षभर ऊद लागला नव्हता तिथनं धूर निघायला लागला. वेल्डर इंगळेनं पातेलं रिकामं आहे याची हौसाबाईला झाकण काढून खात्री करून दिली. बबननं माझ्या डोक्यावर अर्धी बाटली तेल ओतलं. मला काळजी एकच होती, पाहुणे पोचतील कसे. तशी मी खूण नीट कळवली होती. बिस्किटाच्या वासाला उतरा, रबराला डावीकडं, अॅसिडला सरळ.

गुरुवारी कारखाने बंद असतात, साहेब. गुरुवारी खरबडीत बिस्किटाचा वास येत नाही, रबराचा नाही, अॅसिडचा नाही. आम्ही वर्षानुवर्षं नाकानं चालणारी माणसं, आमच्या कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही. गुरुवारी खरबडीला एकच वास असतो. एक, दोन, तीन, पाच, सहा, सगळ्या लाइनींतून उठून तो हमरस्त्यापर्यंत जातो. त्या दिवशी तो फक्त चारमधून उठला नाही.

इथपासून पुढचं मला नंतर ज्यानं त्यानं सांगितलं, ते जोडून लिहितो.

इस्माईलभाईंचं मटणाचं दुकान लाइन एकच्या तोंडाशी. ऊन वर चढलं तरी चारमधलं एक गिऱ्हाईक आलं नाही. इस्माईलभाई सुरी पुसत बाहेर आले आणि शेजारच्या टपरीवाल्या डिगंबरला म्हणाले, “चारवाले दिसले नाहीत रे आज.”

डिगंबरनं नाक वर करून हुंगलं. “तिकडनं वास बी न्हाई.”

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. खरबडीत आख्ख्या लाइनीत गुरुवारी मटण शिजत नाही, याचा अर्थ एकच असतो. लाइनीत मयत झाली की लाइनीची चूल बंद, हा आमच्याकडचा रिवाज. दुसऱ्या कुठल्या कारणानं गुरुवारी मटण सोडणारा माणूस तिथं जन्माला आलेला नव्हता.

“कोण गेलं असंल?” डिगंबर म्हणाला.

“कोणीही असो. आपलाच माणूस.” इस्माईलभाईंनी दुकानाची अर्धी फळी लावली आणि पोरगं गोसावीबुवांकडं पळवलं.

तुमच्या नकाशात स्मशानही नाही, साहेब. मरायचं तर नदीपलीकडं जावं लागतं. म्हणून कुणी गेलं की पहिल्यांदा टेम्पो बघायचा, ही आमची पद्धत. बुवांनी टेम्पो सांगितला. लाइन दोनमधून बांबू आले, तीनमधून सुंभ. पाचच्या भजनी मंडळानं टाळ काढले. कुणीतरी मडकं आणलं. आणि हे सगळं विचारपूस न करता! मयताच्या घरी जाऊन “कोण मेलं” असं विचारणं वाईट दिसतं. गेल्यावर कळतंच.

नेमके तेव्हा बसमधून माझे पाहुणे उतरले. अण्णांचं धोतर पांढरं, शर्ट पांढरा, टोपी पांढरी. आत्या विधवा, फिकट लुगडं. शशिकलेची साडीही मास्तरणीची, बिनरंगाची. बिस्किटाचा वास हुंगत तिघं बराच वेळ रस्त्याकडेला उभे होते. शेवटी अण्णा डिगंबरच्या टपरीवर आले.

“अहो, लाइन चारमध्ये रंगनाथ कोतमिरे यांच्याकडं जायचंय.”

डिगंबरनं डोक्यावरची टोपी काढली. इस्माईलभाईंनी खाली बघितलं. भजनी मंडळातला एकजण हळूच म्हणाला, “रंगनाथ होय! अरेरे.”

“तुम्ही त्याचे कोण?” डिगंबरनं विचारलं.

“अजून तसे कोणी नाही. पण नातं जुळणार होतं.”

“जुळणार होतं,” डिगंबरला भरून आलं. “चला अण्णा. आम्ही सगळे तिकडंच निघालोय.”

अण्णांना आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. मुलाच्या मागं एवढी माणसं! चालता चालता त्यांनी मुलीच्या बापानं करायची ती चौकशी चालू केली.

“मुलगा कसा आहे हो?”

“सोन्यासारखा. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

“कामात?”

“हात बसलेला पोरगा. असला टर्नर आता मिळायचा न्हाई.”

“काही व्यसन वगैरे?”

डिगंबर दुखावला. “असलं तरी आजच्या दिवशी ते काढू नये, अण्णा.”

अण्णा वरमले. जरा वेळानं म्हणाले, “तब्येत?”

“कालपर्यंत ठणठणीत.”

“कालपर्यंत?” अण्णा थांबले. “आणि आज?”

इस्माईलभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आता विचारू नका. तुम्हीच असं केलं तर मुलीनं कुणाकडं बघायचं?”

अण्णांनी मागं वळून पाहिलं. मागं बांबू होते, मडकं होतं, आणि टाळ वाजायला लागले होते.

इकडं मी खोलीत नव्या बुशशर्टाची बटणं लावत होतो. बबन बाहेर डोकावला. “रंग्या,” तो म्हणाला, “पाहुणे आले. पण वाजत गाजत आलेत. एवढी घाई असती होय शहरात?”

मी बाहेर आलो. वाटेच्या तोंडाशी अण्णा, चेहरा पांढराफटक. आत्या पदर डोळ्याला लावून “आमच्या पोरीचं नशीब गं बाई!” करून रडत होती. त्यांच्यामागं खरबडी. मला बघून डिगंबरनं अशी किंकाळी फोडली की नळावरचे कावळे-चिमण्या उडाले. बांबू धाडदिशी खाली पडले.

“या अल्ला!” इस्माईलभाई म्हणाले. “रंगनाथ, तू जिवंत आहेस?”

“आहे की.”

“तेल लावून?”

“पाहुणे यायचे होते.”

गोसावीबुवा हार घेऊन पुढं झाले. त्यांनी मला चाचपून बघितलं. मग हार कुणाला घालावा ते कळेना म्हणून स्वतःच्या मनगटावर अडकवला. “मग गेलं कोण?”

“कोण जातंय?” हौसाबाई उलथनं घेऊन आली. “समदी बसल्यात की घरात.”

“कुणीच मेलं नाही?”

“न्हाई!”

“मग,” डिगंबर आता संतापला होता, “मटण का नाही शिजवलं तुम्ही?”

मी बबनकडं बघितलं. बबन नळाकडं बघत होता. नळाला पाणी नव्हतं.

“मटण?” अण्णा म्हणाले. “आज? गुरुवारी?”

“ते दुसऱ्या लाइनीचं बोलतायत,” बबन पुढं घुसला. “चार नंबर लाइन म्हणजे अण्णा, अगदी—”

“काय बोलतो बबन!” इस्माईलभाईंना वाटलं लाइनीचा अपमान होतोय. “अण्णा, दर गुरुवारी सगळ्यात जास्त मटण चार नंबर नेते. आणि हा रंगनाथ तर आमचा हक्काचा माणूस. नळी मागून घेतो!”

माझ्या लग्नाची तिरडी तिथं बांधली गेली, साहेब. सामान तयारच होतं.

अण्णा माझ्यासमोर आले. तिकीट न काढलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. “बबनराव म्हणाले, तुम्ही उपास मोडत नाही.”

“नाही मोडत.”

“मग नळी?”

“उपास रविवारी असतो.”

“दत्ताचा? रविवारी?” अण्णांचा आवाज चिरकला. “दत्ताचा वार कुठला, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे! तुम्हाला तो बदलायचा अधिकार दिला कुणी?”

गोसावीबुवांनी हात जोडले. मनगटावरचा हार लोंबत होता. “अण्णा, वार आम्ही नाही बदलला. वार वरून बदलून आला, आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही फक्त महाराजांना विचारलं. ते हो म्हणाले.”

“हो म्हणाले?”

“उजवं दिलं. लगेच. फूल ओलं असतानाच.”

“आणि नसतं दिलं तर?”

“तर परत विचारलं असतं,” बुवा प्रामाणिकपणे म्हणाले.

अण्णांनी टोपी घट्ट केली. “चल गं शशी. जिथं देवाचेसुद्धा वार पाळीवर लावतात, तिथं मी मुलगी देणार नाही.” आणि वळले.

लेथवर एक गोष्ट शिकलो होतो. जास्त कापलं गेलं की तो तुकडा भंगारात; परत चिकटत नाही. मी तसाच उभा राहिलो, कानांवरून तेल गळत.

“दादा, थांब.”

आत्या. ती खाली पडलेल्या बांबूंवर बसली होती. रडणं थांबलं होतं, पण पदर अजून हातात होता.

“आमचे हे गेले तेव्हा,” ती म्हणाली, “पेठेत सगळे घरी होते. रविवार होता. खिडक्या उघड्या, रेडिओ चालू. चौथा खांदेकरी मिळेना. तू रस्त्यावर जाऊन दूधवाल्याला हाक मारलीस. विसरलास?”

अण्णांनी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

“या पोराला इथं येऊन सहा महिने झालेत. आणि कोण मेलं ते माहीत नसताना एवढी माणसं मटण सोडून आली.”

“सोडून नाही आत्या,” गर्दीतून कुणीतरी खुलासा केला. “स्टोव्ह बारीक करून आलोय.”

पहिली शशिकला हसली. इतका वेळ ती पदर तोंडात कोंबून उभी होती, खांदे हलत होते, मला वाटलं रडतेय. पदर सुटला आणि ती जी हसली, ती खाली बसून हसली. मग आत्या. मग ज्या मडक्यातून विस्तव न्यायचा ते मडकं धरणारा माणूस एवढा हसला की मडकं फुटलं. गोसावीबुवा ओरडले, “अरे, फोडू नका! मेलं नाही कुणी!” त्यावर अण्णांच्या मिशीतही काहीतरी हललं. ते खोकला म्हणून त्यांनी मिटवलं.

“आता आलाच हैसा,” हौसाबाई म्हणाली, “तर खाऊन जावा. उपासाचंच हाय. एवढं उपासाचं आख्ख्या तालुक्यात मिळायचं न्हाई.”

ते खरं होतं. लाइन चारच्या प्रत्येक घरात साबुदाणा होता. इंगळे वेल्डरनं तर जन्मात पहिल्यांदा केला होता. त्याची खिचडी उलथन्याला धरून उचलली की कढईही वर यायची. अण्णांना ओट्यावर बसवलं. दर घरातून एक बशी आली. एकीला नाही म्हणावं तर दुसरीचा मान राहत नव्हता. चौथ्या बशीला अण्णांनी टोपी काढली, सातवीला धोतराची गाठ सैल केली. शेजारी इस्माईलभाई मांडी घालून बसले होते आणि दाण्याचं कूट जास्त झालंय असं म्हणत होते.

“बुवा,” अण्णा हळूच म्हणाले, “फूल अगदी लगेच पडलं?”

“बोट काढायच्या आत.”

अण्णांनी मान हलवली. “आमची सुट्टी मंगळवारी असते. मलाही एकदा विचारायचं होतं,” एवढंच बोलले, आणि पुढची बशी घेतली.

तेव्हा शशिकला उठली. ती लाइन बघून आली होती. एकटी, शेवटच्या खोलीपर्यंत, नाल्यापर्यंत. नळ सोडून बघितला होता. परत येऊन ती सगळ्यांसमोर माझ्यापुढं उभी राहिली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “तुमची सुट्टी गुरुवारी?”

“हो.”

“दर गुरुवारी? बदलत नाही?”

“नाही.”

“माझी शाळा नदीपलीकडं. तिची सुट्टी रविवारी. इथली शाळा पण बघितली येताना, तिचीही रविवारीच. मग लग्न केल्यावर आपण दोघांनी घरात बरोबर राहायचं कधी?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं अडचण मटणाची आहे.

लाइन मात्र मदतीला धावली. “रजा टाकायची!” इंगळे म्हणाला. “आजारी पडायचं,” डिगंबर म्हणाला, “एकदा यानं, एकदा हिनं.” “दिवाळी हाय की!” हौसाबाई म्हणाली. कुणी म्हणालं, संप झाला की भरपूर वेळ मिळतो. मग एकेक आवाज बंद होत गेला. कारण ज्याला त्याला आठवलं, की आता या वेळी आपली पोरं शाळेत आहेत. आपण घरी आहोत, मटण शिजतंय, आणि पोरं शाळेत आहेत. रविवारी पोरं घरी असतात तेव्हा आपण कारखान्यात. ओट्यावर नुसत्या बश्या वाजत राहिल्या.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “विचारतो.”

“कुणाला?”

“ज्यानं गुरुवार दिला त्याला.”

“विचारा,” ती म्हणाली. “पण तो सांगेपर्यंत मी थांबणार नाही.”

अण्णांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे काय, शशी?”

“म्हणजे हो, अण्णा.”

बांबू वाया गेले नाहीत. त्याच बांबूंवर महिन्याभरानं मांडव उभा राहिला. मुहूर्त मंगळवारचा निघाला, म्हणजे तिचाही पगार कापला आणि माझाही. टेम्पो तोच.

आणि मी विचारलं, साहेब. पहिल्यांदा गेटवरच्या चौकीत विचारलं, ते हसले. वीजवाल्यांकडं विचारलं, मालकाला विचारलं, एका पुढाऱ्याला भर सभेत विचारलं, तर त्यानं टाळ्या वाजवल्या. उरलेली सगळी वर्षं मी दर गुरुवारी दुपारी एकटा जेवलो आणि ती दर रविवारी. मटण मी शिजवायचो, तिच्यासाठी झाकून ठेवायचो. पोरगा आईबरोबर रविवारी सर्कशीला गेला, नदीवर गेला, सायकल शिकला. सायकल कुणी शिकवली हे मी त्याला तो मोठा झाल्यावर विचारलं. तो म्हणाला, “इस्माईलभाईंनी.”

आता मी रिटायर, ती रिटायर. रोज एकमेकांसमोर बसून जेवतो आणि भांडतो. पण पोरगा त्याच खरबडीत लागलाय. कारखाना नवा, शेड नवी, सुट्टी गुरुवारी. सून शहरात बँकेत, तिची रविवारी. परवा शशिकलेनं पोराचं आणि सुनेचं अशी दोन ताटं झाकून ठेवली आणि मला विचारलं, “अहो, त्या माणसानं काही सांगितलं का?”

साहेब, सही तुमची आहे. आता सांगा, त्या दोघांनी बरोबर जेवायचं कधी?